सोसायटी कशी उभी राहते? लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांची हकिकत



नारळी पौर्णिमा म्हणजे आपल्या भागात राखीचा सण. समुद्र काही आपल्या वाट्याला आला नाही, त्यामुळे नारळ वाहिलाच तर तो गोमाईत नाही तर तापीत. कृषी खात्यात मात्र हा दिवस 'शेतकरी दिन' म्हणून पाळतात. फोटोला हार घालायचा, दोन-तीन भाषणं, मग पिकांवर चर्चा आणि चहा. लोणखेड्याला असाच कार्यक्रम चालला होता. मी सोयाबीनवरच्या किडीबद्दल बोलून खाली बसलो, तर पपईची बाग असलेला एक तरुण शेतकरी जवळ आला आणि त्याने विचारलं की साहेब, फोटोतले हे बाबा कोण? मी सांगितलं, विठ्ठलराव विखे पाटील, सहकारी साखर कारखानदारीचे जनक. त्याने पुढे विचारलं, म्हणजे त्यांनी नेमकं केलं काय? खरं सांगायचं तर मला दोन वाक्यांच्या पुढे जाता आलं नाही. ज्यांच्या नावाने आमच्या खात्यात कृषिसेवारत्न पुरस्कार दिला जातो, त्या माणसाबद्दल ही गत. कृषी पदविकेला सहकार हा विषय होता. पण तेव्हा पाठ केलं ते परीक्षेपुरतं. म्हणून पुन्हा पुस्तकं काढली, जुन्या लोकांशी बोललो. त्या पोराला जे सांगता आलं नाही ते तुम्हा सर्वांपुढे ठेवतो.

विठ्ठलराव हे लोणी बुद्रुकचे. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. हल्ली तालुका राहाता. जन्म नारळी पौर्णिमेचा, एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होण्याच्या सुमाराचा. घर शेतकऱ्याचं, शाळा थोडकीच झालेली. पदवी, वकिली, इंग्रजी यातलं काही जवळ नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांच्या नावामागे 'पद्मश्री' लागलं, विद्यापीठाच्या मानाने 'डॉक्टर' लागलं, आणि आता फोटो पाहताना वाटतं की कोणी मोठे विद्वान असावेत. ते शेतकरी होते आणि हिशेबाचे पक्के होते.

त्या काळचा नगर जिल्हा कसा होता हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. पाऊस बेभरवशाचा, सारा मात्र रोख भरायचा. सारा भरायला सावकार, बी-बियाण्याला सावकार, लग्नाला सावकार. बियाणं सवाई-दिढीने, म्हणजे पायली न्यायची आणि सुगीला सव्वा किंवा दीड पायली घालायची. कोऱ्या कागदावर अंगठा, पुढचं काय लिहायचं ते सावकाराची लेखणी ठरवणार. याचा स्फोट १८७५ साली झाला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, घरंदुकानं फोडली आणि कर्जाचे कागद जाळले. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात शिरलं, पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत गेलं. अंगावर हात टाकण्यापेक्षा कागद हाती लागतात का हेच बहुतेक ठिकाणी पाहिलं गेलं. सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. कायद्याने कोर्टात थोडा आधार मिळाला. पण जून उजाडला की बी भरायला पैसा कुठून आणायचा, हे कायदा सांगत नव्हता. विठ्ठलरावांच्या आधीची पिढी हे सगळं पाहिलेली होती.

पैसा कुठून आणायचा याचं उत्तर फार लांबून आलं, जर्मनीतून. थोडं विषयांतर होईल, पण करतोच. तिथे राइफायझन नावाचे एक गृहस्थ खेड्यांचे महापौर होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात धान्य तुटलं तेव्हा त्यांनी गावातल्या खात्यापित्या लोकांकडून पैसे जमवून गरिबांना उधारीवर धान्य-पीठ दिलं, भाकऱ्यांची भट्टी घातली. काही वर्षं अशाच धर्मादाय मंडळ्या चालवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की दान देणारा लवकरच कंटाळतो. म्हणून १८६४ साली हेडेसडॉर्फ गावी त्यांनी पद्धतच बदलली. ज्यांना कर्ज हवं तेच सभासद, आणि एकाने बुडवलं तर सगळ्यांनी मिळून भरायचं. गाव लहान असावं, म्हणजे कोण कसा आहे हे सर्वांना ठाऊक असतं. ही पद्धत मद्रास इलाख्यातल्या निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याने अभ्यासली, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. १९१२ साली तो सुधारला. मुंबई इलाख्यातली पहिली सोसायटी १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली. तो भाग आता कर्नाटकात आहे.

कायदा झाला म्हणून गावोगाव सोसायट्या उगवल्या असं नाही. सरकारी सोसायटी म्हणजे आणखी एक कर्ज, आणखी एक जप्ती, असंच लोकांना वाटायचं. आणि भीती अगदीच खोटी नव्हती, कारण त्या वेळच्या गावच्या पतपेढीत जबाबदारी अमर्याद असायची. हा शब्द नीट समजून घ्या. आज तुम्ही सोसायटीचा शंभराचा भाग घेतला आणि सोसायटी बुडाली, तर तुमचे शंभर बुडतील. तेव्हा तसं नव्हतं. संस्था बुडाली तर सभासदाची जमीन, बैल, घर, सगळं त्या देण्यापोटी जाऊ शकत होतं. म्हणजे सोसायटीत जाणं हे शेजाऱ्याला आपल्या सातबाऱ्यावर उभं करून घेण्यासारखं होतं.

अशा वेळी, १९२३ साली, विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली. वय पंचविशीच्या आगेमागे. ते गावात हिंडले, माणसं जमवली, भाग घ्यायला लावले. आज आपण हे एका ओळीत वाचतो. पण विचार करा, ज्या गावात बहुतेकांच्या वह्या सावकाराकडे अडकलेल्या, तिथे एक पंचविशीचा पोरगा सांगतो की आपण सगळे एकमेकांना जामीन राहू. सावकाराला ते आवडणार नाही, आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही तर पुन्हा त्याच्याच दारात जावं लागणार, हे ऐकणाऱ्याला पक्कं माहीत.

अशा पतपेढीचं काम कसं चालायचं तेही सांगतो. सभासदाची हैसियत लिहून ठेवायची: जमीन किती, बैल किती, देणं किती. कर्ज कशाला हवं ते पंचांपुढे सांगायचं. बियाण्याला, बैलाला, विहिरीला मिळायचं. लग्नाच्या जेवणावळीला मागितलं तर पंच विचारात पडायचे. दोन सभासद जामीन. व्याज सावकारापेक्षा बरंच कमी. आणि वसुलीची वेळ सुगीनंतरची, म्हणजे माल हातात आल्यावर. यातलं सर्वात मोठं बळ कागदावर नव्हतंच. पंचाच्या दारावरून थकबाकीदार रोज जायचा, आणि आपण भरलं नाही तर जामीन राहिलेल्या भावकीचा बैल सुटेल हे त्याला ठाऊक असायचं. बँकेच्या नोटिशीला माणूस भीत नाही एवढा या गोष्टीला भितो.

याच सुमारास प्रवरेच्या काठी दुसरी मोठी गोष्ट घडत होती. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, आणि प्रवरेच्या कालव्यांनी जिराईत मुलूख बागायती झाला. पाणी आलं की सुबत्ता आली असं आपण म्हणतो. आपल्या शहादा तालुक्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पाणी आलं की आधी खर्च येतो. ऊस करायचा तर बेणं, खत, पाणीपट्टी, मजुरी, सगळं रोख. गुऱ्हाळ लावायचं, काहिलीत रस आटवायचा, ढेपा बांधायच्या आणि आडत्याकडे पाठवायच्या. आडत्यानेच आधी उचल दिलेली, तेव्हा भावही तोच सांगणार. १९३० नंतर जगभर मंदी आली, गुळाचे भाव कोसळले. थकबाकीने इलाख्यातल्या कितीतरी सोसायट्या आजारी पडल्या. बागायतदार कालव्याच्या पाण्यात उभा राहून कर्जात बुडाला.

दुसरीकडे १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं. कालव्यांच्या भागात खासगी कारखाने फोफावले. बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना तर त्याआधीपासूनच होता. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षांच्या खंडाने घेतल्या होत्या. मालक खंडकरी झाला आणि स्वतःच्याच जमिनीवर मजुरीला जाऊ लागला, अशी उदाहरणं त्या भागातले जुने लोक आजही देतात. (या जमिनी पुढे सीलिंग कायद्यात गेल्या, १९६३ साली शेती महामंडळाकडे आल्या आणि परत मिळवायला खंडकऱ्यांच्या पुढच्या पिढ्या झगडल्या. ती वेगळी कथा आहे.) विठ्ठलराव हे डोळ्यांदेखत पाहत होते. ऊस तोच, कालवा तोच, पण गूळ करणारा कर्जात आणि साखर करणारा नफ्यात.

त्यांच्या डोक्यातला विचार साधा होता. पतपेढी एकमेकांच्या जामिनावर चालते, तर कारखाना का चालू नये? साधा म्हटला तरी उडी मोठी होती. बैलासाठी पन्नास-शंभराचं कर्ज वेगळं आणि लाखो रुपयांची यंत्रं वेगळी. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल यावर बरीच शहाणी माणसंही विश्वास ठेवायला तयार नव्हती.

इथे दुसऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव घ्यावं लागतं, ते म्हणजे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद झाली. गाडगीळ अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी कारखाने काढावेत हा विचार तिथे पुढे आला. असे ठराव परिषदांत बरेच होतात आणि कागदावरच राहतात. हा राहिला नाही, कारण विठ्ठलरावांनी तो उचलला आणि गावोगाव नेला.

मग भाग गोळा करण्याची वर्षं. कधी पायी, कधी बैलगाडीने त्यांनी गावं पालथी घातली. उंबऱ्यावर बसून एकेकाला समजावायचं की तुझ्या उसाच्या हिशेबाने तू भाग घे, उद्या तू मालक. लोक टिंगल करायचे. आडत्यांना हे परवडणारं नव्हतं. पैसे भरून चार वर्षं काहीच दिसत नाही म्हणजे काय, असं भाग घेतलेलेही विचारायचे, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मला विचाराल तर विठ्ठलरावांच्या आयुष्यातला हाच काळ सर्वात मोलाचा, पुढचा मानसन्मानाचा नव्हे. कारण लोकांनी पैसे दिले ते यंत्राकडे पाहून दिले नाहीत. यंत्र तर नव्हतंच. वीस-बावीस वर्षं या माणसाने लोणीची पतपेढी कशी सांभाळली हे त्यांना दिसलेलं होतं.

सरकारात त्या वेळी अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहतांकडे होती. सहकाराचं काम करत ते म्हातारे झालेले. त्यांची साथ मिळाली, सरकारनेही भागभांडवल घातलं, औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९४८ च्या अखेरीला संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ साली लोणीजवळच्या माळावर पहिला गळीत हंगाम लागला. गाव वसलं त्याला प्रवरानगर नाव पडलं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अध्यक्ष कोण झालं? गाडगीळ. ज्याने एवढी वणवण केली तो उपाध्यक्ष. बाहेरचा, निःपक्षपाती, हिशेबाचं शास्त्र जाणणारा माणूस वर असला तर सभासदांत गट पडणार नाहीत आणि बँकाही विश्वास ठेवतील, हे त्यामागचं गणित. आजकाल सोसायटीच्या तेरा जागांसाठी गावात बोलाचाली बंद होतात, म्हणून हे लिहितो. विठ्ठलराव पुढे, १९६० च्या सुमारास, अध्यक्ष झाले.

हा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असं सगळीकडे छापतात. आंध्रात १९३० च्या दशकात लहान प्रमाणात असे प्रयत्न झाले होते, तेव्हा 'पहिला' या शब्दावर अडून बसू नये. पण नमुना ठरला तो प्रवरेचा. एका सभासदाला एकच मत, मग ऊस दोन एकर असो की वीस. नफा भाग किती यावर वाटायचा नाही, उसाच्या भावातून द्यायचा. टनामागे थोडी कपात करून ठेव ठेवायची आणि त्यातून पुढची कामं करायची. शाळा, वसतिगृह, दवाखाना हे त्या परिसरात उभं राहिलं त्यात या कपातीचा वाटा आहे. राइफायझनला दानातून जे जमलं नाही, ते इथे उत्पादकाच्या स्वतःच्या पैशातून झालं. १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव गेले.

या नमुन्यावर महाराष्ट्रभर कारखाने निघाले. आपल्याकडे पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसर कारखाना झाला तोही याच वाटेने. आणि विठ्ठलरावांनी हे केलं तेव्हा देशात सहकाराची स्थिती काय होती? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांकडून येत होते, सत्तरच्या आसपास सावकारांकडून. पन्नास वर्षं कायदा असून ही अवस्था. तेव्हा लोणीत जे घडलं ते आपोआप घडणारं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी कार्यक्रमातल्या भाषणांत सहसा येत नाही. एकमेकांना जामीन राहण्याच्या या गोलात जमीन असणारा आला. ज्याच्याकडे जमीन नाही तो बाहेरच राहिला. ऊस पिकवणारा मालक झाला, तोडणारा झाला नाही. आपल्या जिल्ह्यात तर हे दाखवायला लांब जायला नको. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडची कुटुंबं ट्रकमध्ये बसतात, काही गुजरातेत, काही आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर. हातात कोयता, कडेवर लेकरू. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, तीही पावसाळ्यात घरात दाणा नसताना. हंगाम संपला की उचल फिटली की नाही हे मुकादमाची वही सांगते. सवाई-दिढीचा तो सावकार आणि ही वही, यांत मला फार फरक दिसत नाही. २०१९ साली राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ स्थापन केलं, आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागे रक्कम द्यायची असं ठरलं. चांगलंच झालं. पण राज्याची हद्द ओलांडून जाणाऱ्या जोडीपर्यंत ते पोचणं अवघड आहे. विठ्ठलरावांची थोरवी यामुळे कमी होत नाही. त्यांनी आपल्या काळातला आपल्यासमोरचा प्रश्न घेतला आणि तो तडीस नेला. हा प्रश्न आपल्यासमोरचा आहे.

पपईवाल्या त्या तरुणाकडे परत येतो. कार्यक्रमानंतर आठवड्याने तो पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याला यातलं बरंचसं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला की आमच्या घरचं कोणी सोसायटीत असेल असं वाटत नाही. आम्ही दोघं मिळून गटसचिवांकडे गेलो आणि सभासद रजिस्टर पाहिलं. त्याच्या वडिलांचं नाव त्यात होतं, भागाच्या रकमेसह. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, भाग अजून त्यांच्याच नावावर. म्हणजे या घराला सोसायटीचं पीक कर्ज नाही, सभेला मत नाही, आणि नऊ वर्षं याने खतासाठी दुकानदाराची उधारी केली ती दुकानदार सांगेल त्या भावाने.

असं तुमच्याही घरात असू शकतं. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, सातबारा आणि आठ-अ घेऊन सचिवांना भेटा. वडिलांनी नामनिर्देशन केलं असेल तर काम लवकर होतं. नसेल तर इतर वारसांची संमती लागते, तेव्हा बहिणींनाही आधी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. त्यापूर्वी वारस नोंद झाली तर यंदाच्या सभेला बसता येईल. त्या पोराने परवा अर्ज दिला. त्याची आई सोबत आली होती, आणि रजिस्टरमधलं नवऱ्याचं नाव तिने दोनदा वाचून घेतलं.